उतार कोण मोजतो?

गडहिंग्लजकरांस सामानगड परका नाहीं. सुटीच्या दिवशीं गड चढावयाचा, कातळांत खोदलेल्या विहिरी पाहावयाच्या आणि उन्हें तापण्यापूर्वीं उतरावयाचें, हा आपला परिपाठ. पण हाच गड एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत, न निजतां, पुनः पुनः चढावयाचा असें कोणी म्हटलें तर? हंसूं नका. असे नादिष्ट जगांत पुष्कळ आहेत.

या नादाचा एक प्रकार एव्हरेस्टिंग या नांवानें रूढ आहे. कोणतीहि एकच चढण निवडावयाची आणि चढांची बेरीज एव्हरेस्टच्या उंचीइतकी, म्हणजे ८,८४८ मीटर, होईपर्यंत खेपा घालावयाच्या. मध्यें झोंप वर्ज्य. पुण्याजवळच्या सिंहगडाची पायवाट घेतली, तर तिचा चढ सुमारें ६०० मीटर. म्हणजे १५ खेपा झाल्या.

बर्फाच्या देशांत हा खेळ स्कीवर चालतो. स्की म्हणजे पायांस बांधावयाच्या लांब, अरुंद पट्ट्या. चढतांना त्यांच्या तळाशीं केसाळ कापड चिकटवितात. केंसांचा कल मागें असल्यानें पट्टी पुढें सरते, मागें घसरत नाहीं. टांच तेव्हां मोकळी असते. माथ्यावर पोंचतांच कापड ओढून काढावयाचें, टांच जखडावयाची आणि खालीं सुसाट निघावयाचें. फेब्रुवारी २०१९ मध्यें कॅटलोनियाचा गिर्यारोहक किलियान जोर्नेट यानें नॉर्वेंतील मोल्डे येथें २४ तासांत ५१ खेपा करून २३,४८६ मीटर चढ साधला. चढउतार मिळून एका खेपेस जेमतेम २८ मिनिटें! आपल्या मापानें सिंहगड ३९ वेळां.

हा आंकडा ऐकून आमच्या तरुणांनीं कंबर कसण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नोंद होते ती चढाची. उतार कोणीच मोजीत नाहीं. स्कीवाल्याचा उतार घसरत घसरत थोडक्यांत संपतो. आपणांस दगडमातीची वाट पायांनींच उतरावी लागते. चढतांना दम लागतो खरा, पण मांड्यांचे स्नायू अधिक दुखावतात ते उतरतांना. कारण अंगाचा भार तोलीत असतांनाच ते ताणले जात असतात. छाती अजून तयार असते, गुडघा मात्र ऐकत नाहीं.

त्यांत रात्र. पहाटेच्या सुमारास शरीराची ऊब उतरते, डोळे मिटूं लागतात, अन्नावरची वासना जाते. आणि नेमकें तेव्हांच कांहींतरी खाणें भाग असतें. पाऊल चुकण्याचें भयहि तेव्हांच अधिक. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसऱ्यांचे मावळे सिंहगड चढले ते एकदांच. त्यांस बेरीज करावयाची नव्हती.

सामानगडावर कोणी असा घाट घालणारच असेल, तर त्यानें हिंवाळ्यांतील चांदणी रात्र निवडावी, उतरतांना हातीं दोन काठ्या घ्याव्या आणि पायथ्याशीं एक जागा राहणारा सोबती बसवावा. सोबत्यानें खेपांच्या आंकड्याशेजारीं प्रत्येक उतारास लागलेला वेळहि लिहावा. तो वेळ वाढत चालला कीं गड्यास तेथेंच थांबविण्याचा अधिकार सोबत्याचा, हें मात्र आदल्या दिवशींच ठरवून ठेवावें. पहाटे चार वाजतां तो वाद घालण्यांत अर्थ नसतो.