जुने यंत्र आणि ग्राहकाची ठेव



दुकानाच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत, हे आपण जाणतो. परंतु जुना संगणक भंगारात देताना तोच विवेक आपणांस सुचत नाही. फाइल ‘डिलीट’ केली की नष्ट झाली, हा भ्रम होय. बहुधा अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी पुसली जाते; पाने तशीच राहतात व जाणत्यास वाचता येतात.

मॉर्गन स्टॅन्ले या बलाढ्य अमेरिकन पेढीने जुनी यंत्रे मोडीत काढण्याचे काम सामानाची ने-आण करणाऱ्या कंपनीकडे सोपविले. त्यांतील काही यंत्रे ग्राहकांच्या माहितीसह लिलावात विकली गेली. २०२२ साली पेढीस साडेतीन कोटी डॉलर दंड झाला.

म्हणून कायद्याने राखावयाच्या हिशेबाची प्रत प्रथम वेगळी काढावी. मग जाणकाराकडून डिस्क पूर्ण पुसून घ्यावी, अथवा ती फोडून टाकावी. मोबाइलमधील सिम व कार्ड काढून घेण्यास विसरू नये. यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रासच द्यावे व माहिती नष्ट केल्याचा लेखी दाखला मागावा.

ग्राहकाचे नाव, पत्ता व उधारी ही आपल्यापाशी ठेवलेली ठेव आहे. भंगाराच्या चार पैशांसाठी ती परक्याच्या हाती जाऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.