मालक कोण? नैरोबीचा प्रश्न

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फेसबुकवर खुनाचे, अत्याचाराचे व्हिडिओ आपल्याला सहसा दिसत नाहीत, कारण कुणीतरी ते आधी पाहून काढलेले असतात. आफ्रिकेतल्या अनेक भाषांसाठी हे काम नैरोबीत ‘सामा’ या कंत्राटी कंपनीत चालायचं. तिथं डॅनियल मोटाऊंग यांनी २०१९ मध्ये पगारासाठी सहकाऱ्यांना एकत्र आणलं. त्यामुळेच नोकरी गेली, असं ते म्हणतात, कंपनी नाकारते. २०२२ मध्ये त्यांनी सामा आणि मेटा, दोघांवर दावा लावला. आम्ही केनियातले नाहीच, असं मेटाचं म्हणणं. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयानं ते मान्य केलं नाही. त्याच वर्षी १ मे रोजी दीडशेहून अधिक मॉडरेटरांनी युनियन काढायचं ठरवलं.

केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेचं कलम ४१ युनियनचा आणि संपाचा हक्क देतं. हक्क होताच. पण तो मागायचा कुणाकडे, हे कंत्राटानं झाकलं. आपल्या आयटीतही थर्ड पार्टी पेरोल आहेच. ‘इंजिनिअरला युनियन कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी एवढंच सांगावं: उद्या काढलं, तर दाद कुणाकडे मागाल?