‘गेट आऊट’ आणि आपलं पालघर



जॉर्डन पील यांचा ‘गेट आऊट’ हा अमेरिकन भयपट २०१७ साली आला. त्यात भूत नाही. ख्रिस हा कृष्णवर्णीय छायाचित्रकार गोऱ्या मैत्रिणीच्या घरी पाहुणा म्हणून जातो. तिचे वडील आवर्जून सांगतात, की ओबामांना तिसऱ्यांदाही मत दिलं असतं. तिथं जमलेले सगळे ख्रिसचं कौतुक करतात. कुणी शरीरयष्टीचं, कुणी नजरेचं. हळूहळू कळतं, की त्यांना त्याचं शरीरच हवंय, आतला माणूस नकोय.

असं कौतुक आपल्या ओळखीचं आहे. ‘तुम्ही मुस्लिम वाटतच नाही’, ‘मराठी किती छान बोलता!’ मग बोईसरमध्ये भाड्यानं फ्लॅट मागितला, की तेच तोंड म्हणतं, ‘माझं काही नाही हो, कमिटी ऐकत नाही.’

नोव्हेंबर २०१२ आठवा. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुस्लिम तरुणीनं फेसबुकवर प्रश्न विचारला. तिच्या बिगरमुस्लिम मैत्रिणीनं ती पोस्ट लाईक केली. जमावानं तरुणीच्या काकांचं रुग्णालय फोडलं आणि पोलिसांनी या दोघींनाच अटक केली. त्यात वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. पण ‘मुलगी चांगली आहे, लिहायची काय गरज होती?’ ही वृत्ती कुठलं न्यायालय रद्द करणार? असं म्हणणारा सभ्य माणूस दगड मारत नाही, पण दगड अडवतही नाही.

चित्रपटाच्या शेवटी पोलिसांच्या गाडीसारखा दिवा चमकतो. जीव वाचवून पळालेला ख्रिस हात वर करतो. आपल्याला वाटतं, आता हाच आरोपी ठरणार. पण गाडीतून उतरतो त्याचा मित्र रॉड. पोलीस त्याच्या तक्रारीवर हसले होते, म्हणून तो स्वतःच शोधत आला.

ती लाईक करणारी मैत्रीण पालघरची रॉड होती. तिनं किंमत मोजली.

आणि हा आरसा आपल्यासाठीही आहे. आपल्या हॉलमध्ये वारली चित्र असतं. वारली कुटुंब शेजारी राहायला आलं तर? सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला कुणाला तरी घर नाकारलं जाईल, मग तो मुस्लिम असो, आदिवासी असो की परराज्यातला कामगार. त्या वेळी गप्प बसू नका. उभे राहा आणि आपला आक्षेप इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.