तुमची रजा, तुमचा हिशेब


आज बोलूया रजेबद्दल.
तुमच्या हक्काच्या रजेबद्दल.

पूर्वी रजेचा अर्ज कागदावर असायचा.
साहेबांच्या टेबलावर, पेपरवेटखाली.
सही झाली का, हे शिपाईकाकांना विचारायचं.

आता बऱ्याच ऑफिसांत हा अर्ज मोबाइलवरून जातो.
तारीख निवडायची.
रजेचा प्रकार निवडायचा.
साहेबांना तो लगेच दिसतो.
त्या दिवशी आणखी कोण रजेवर आहे, तेही दिसतं.
मंजुरी मिळाली, की शिलकीतून तेवढे दिवस वजा होतात.
सोय खरंच मोठी आहे.

पण मंडळी, दर महिन्याला आपली शिल्लक रजा बघा.

का?
सॉफ्टवेअरमध्ये नियम माणूसच भरतो.
समजा, तुम्ही शनिवारी आणि सोमवारी रजा घेतली.
मधला रविवार रजेत धरायचा की नाही?
तो नियम चुकीचा भरला, तर तुमचा एक दिवस गेला.
आणि ही चूक प्रत्येक वेळी होत राहते.

महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे.
त्यात वर्षाला ८ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे.
ती वापरली नाही, तर वर्षअखेरीस जाते.
कामाच्या दिवसांवर मिळणारी अर्जित रजा मात्र साठते.
४५ दिवसांपर्यंत साठते.

म्हणून पुन्हा सांगते, शिल्लक बघा.
पगाराची स्लिप आली, की त्याच दिवशी बघा.
आकडा जुळला नाही, तर एचआरला लेखी विचारा.
त्यांचं उत्तर जपून ठेवा.