अवजारांवांचून अडलेली बांधणी

'लिनक्स'चा गाभा मूळ संहितेपासून बांधूं पाहणारा नवशिका बांधणी थांबली कीं शेवटची ओळ वाचतो. तींत 'एरर २' एवढेंच. मग संहिताच सदोष ठरवून तो हात टेकतो. खरें कारण वर असतें : 'फ्लेक्स' सांपडला नाहीं. २०१८ सालच्या ४.१६ या आवृत्तीपासून 'फ्लेक्स' व 'बायसन' हीं अवजारें बांधणाऱ्याच्या यंत्रावर असावींच लागतात. त्यापूर्वीं त्यांनीं घडविलेल्या फायली आयत्या मिळत. जुन्या पाठावर विसंबणारा येथेंच फसतो.

'ओपनएसएसएल'ची गोष्ट अधिकच चमत्कारिक. ती लायब्ररी यंत्रावर असते, चालतेही. परंतु बांधणीस लागणाऱ्या हेडर-फायली डेबियनवर 'लिबएसएसएल-डेव्ह' या निराळ्या पॅकेजांत असतात. 'मेक'ला एकदम अनेक कामें दिलीं असल्यास पहिली तक्रार इतर ओळींच्या गर्दींत बुडते. तेव्हां तें एकेरी चालवावें, म्हणजे हरवलेल्या अवजाराचें नांव पडद्याच्या तळाजवळच दिसतें.