मोहिमेची मोटार

जीप हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुळला तो सरकारी कामामुळे. १९५२ साली समुदाय विकास योजना सुरू झाली आणि विकास अधिकाऱ्यांच्या जीपगाडीची धूळ गावोगाव उडू लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घडलेल्या ह्या गाडीच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळे; म्हणून चिखल, ओढा, नांगरट यांची तिला फारशी तमा नव्हती. पण ती कामाची गाडी होती, हौसेची नव्हे. आज तिचे वंशज शहरी कुटुंबाच्या दारात उभे आहेत आणि मुलाबाळांसह दूरच्या डोंगरी मुलुखात जाण्याचे बेत घरोघर रंगत आहेत. आमच्याही घरी असा एक बेत शिजतो आहे : चेन्नईच्या समुद्रकाठापासून हिमाचलातील स्पितीच्या खोऱ्यापर्यंत. माणसे पाच, त्यांत माझी आई बहात्तर वर्षांची. तेव्हा मोटार कोणती घ्यावी आणि तिच्यात काय भरावे, हा प्रश्न आमच्यापुरता तरी केवळ हौसेचा उरलेला नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते; त्यांतले एक चिखलात सापडले की ते जागच्या जागी गरगरते आणि गाडी खिळून राहते. चारही चाके ओढू लागली, जोडीला ताकद वाढवणारा सावकाश गियर असला, की गाडी बहुधा सुटते. परंतु ब्रेक प्रत्येकच मोटारीला चारही चाकांवर असतात. म्हणजे निसरड्या उतारावर थांबायची वेळ आली, तर ह्या महागड्या यंत्रणेचा ब्रेकला काडीचाही उपयोग नाही. शिवाय यांतील बऱ्याच गाड्यांत कोरड्या डांबरी रस्त्यावर ती यंत्रणा जोडायचीच नसते. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत आणि त्यांना एकत्र बांधले की दंतचक्रांवर ताण पडतो.

पाण्याचेही तसेच. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने चेन्नईच्या वस्त्यांत पाणी भरले, तेव्हा उंच गाड्यांच्या धन्यांनाही हा धडा मिळाला. थार रॉक्ससारख्या गाडीला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येते असे तिचे उत्पादक सांगतात. पण त्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडे गटार, हे कोणी सांगत नाही. पाण्यात इंजिन बंद पडले, तर ते पुन्हा चालू करण्याचा मोह आवरावा. आत शिरलेले पाणी दाबले जात नाही. दांडे वाकतात आणि इंजिन कायमचे निकामी होते.

आता निवड. मी कोणत्याही कंपनीची भलामण करीत नाही; आमचा हिशेब तेवढा सांगतो. २०२३ साली आलेली जिम्नी हलकी व अरुंद, म्हणून डोंगरात गुणी. पण तिच्यात जागा चौघांची. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचे तर पुढचे आसन दुमडून आत शिरावे लागते. ते आईच्या गुडघ्यांना मानवणारे नाही. ह्या गाडीचा आराखडा चेन्नईजवळच्या चेंगलपट्टूकडील संशोधन केंद्रात झाला आणि ती तयार होते नाशिकला, याचे मराठी मनाला कौतुक वाटते. पण कौतुकाने गुडघे वाकत नाहीत. शेवटी पाच दारांची, मागे पाठ टेकून बसता येईल अशी गाडी ठरली आणि पहिली खरेदी झाली ती चढण्याच्या पायरीची. सर्वांत अशक्त माणसाला सोसेल ती गाडी, एवढाच आमचा नियम.

सामानाची यादी करायला बसलो तेव्हा मात्र पानिपत आठवले. आमचा रस्ताही नागपूर, आग्रा, दिल्ली करीत पानिपतावरूनच जातो. १७६१ साली भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर यात्रेकरूंचा व बाजारबुणग्यांचा केवढा लोंढा होता आणि त्याला सांभाळता सांभाळता फौजेची हालचाल कशी जड झाली, हे आपण शाळेपासून वाचीत आलो. आमच्या मोहिमेत माणसे हीच फौज. बुणगे म्हणजे सामान. पाच माणसांचेच वजन ३०० किलो. त्यावर छपरावरचा तंबू, ओढयंत्र, लोखंडी कठडा चढवला, की गाडी वरून जड होते आणि वळणावर कलू लागते. अशा पुढच्या कठड्यांविरुद्ध कारवाई करण्यास केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना कळवले आहे. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावरही कायद्याची बंधने आहेत. तेव्हा ते सारे वगळले. राहिले ते असे : उत्तम टायर, हवा मोजण्याचे व भरण्याचे यंत्र, पंक्चरचे सामान, मजबूत दोर, फावडे, २० लिटर पाणी, औषधे आणि प्रेशर कुकर. कुकर चैनीचा नव्हे. साडेतीन हजार मीटरांवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते आणि उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही.

पण त्या उंचीवर खरी परीक्षा माणसाची असते. मनालीहून गेले तर लवकरच ४,५५१ मीटर उंचीची कुंझुम खिंड समोर येते. शिमला व किन्नौरवरून रस्ता लांबचा, पण चढ सावकाश. तीन हजार मीटरांपुढे रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरांहून अधिक वर नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. आम्ही डॉक्टरांचा सल्ला घेऊन लांबचा रस्ता धरला आणि रजा आठवड्याने वाढवली. हा वाढीव आठवडा कोणत्याही दुकानात मिळत नाही. आमच्या सामानातली सर्वांत मोलाची वस्तू तीच.

झाप नावाचे अर्जेंटिनाचे एक जोडपे २००० साली १९२८ च्या जुन्या मोटारीतून घराबाहेर पडले आणि जग हिंडून २०२२ साली चार मुलांसह परतले. त्यांच्या मोटारीच्या चारही चाकांना ताकद नव्हती, घाईही नव्हती.

आमच्या घरी आणखी एक ठराव झाला आहे. वाटेत पाचांपैकी कोणीही, अगदी धाकट्यानेही, ‘आता परत फिरू या’ म्हटले, तर वाद न घालता गाडी वळवायची. आईने ठराव ऐकला आणि विचारले, “आणि मी म्हटले नाही तर?” तेव्हा लक्षात आले, की माणसे पुष्कळदा इतरांचा हिरमोड नको म्हणून आपले दुखणे दडवतात, आणि दडवण्यात आईचा हातखंडा. म्हणून रोज सायंकाळी तिची विचारपूस करण्याचे काम नातीकडे दिले आहे. तिच्यापुढे आजीचे खोटे टिकत नाही.