कुलूप लावलेलं घर

(वस्त्यांमधल्या पाण्याच्या पाहणीसाठी निघालेल्या कार्यकर्त्यांच्या पुण्यातल्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



मला सांगितलं होतं की घरं कशी निवडायची तेवढं अर्ध्या तासात समजावून द्या, मग जेवण. म्हणजे हा विषय मुख्य कामाआधी उरकून टाकायचा आहे असं दिसतं. आम्हीही एकदा तो असाच उरकला होता. काय झालं, ते आधी सांगते.

पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत आम्ही सात जणी पाहणीला गेलो होतो. प्रश्न हाच, पाण्याचा. नळाला पाणी कधी यावं, किती वेळ यावं. दुपारी दोन ते चार ही आमची वेळ, कारण आमच्यातल्या चौघी नोकरी सोडून अर्ध्या दिवसाच्या रजेवर आलेल्या. दार उघडं दिसेल तिथे गेलो. कुत्रं भुंकलं की पुढचं घर. कुलूप असलं की पुढचं घर. ओळखीची बाई भेटली की तिच्याकडे चहा, आणि तिच्या शेजारणीही तिथेच गोळा झाल्या की एका बैठकीत पाच कागद भरून मोकळ्या. कागदांचा ढीग चांगला झाला. बहुतेक बायकांनी सांगितलं की पाणी दुपारी बारानंतर यावं, सकाळी नवऱ्याचे डबे नि पोरांची शाळा यांत भरायला होत नाही. आम्ही निवेदन केलं, मोर्चा नेला, आणि वेळ खरोखरच बदलून मिळाली. केवढा आनंद आम्हाला!

पंधरा दिवसांनी एक बाई आमच्या बैठकीला आली. तिच्याकडे चार घरची धुणीभांडी होती, सकाळी सातला निघून दुपारी साडेतीनला परत. ती म्हणाली, ‘तुमी आलात तवा मी दुसऱ्याची भांडी घासत हुते. माज्या दाराला कुलूप हुतं म्हून मी वस्तीत ऱ्हात न्हाई का?’ दुपारी पाणी भरायला तिने मोठ्या मुलीला शाळेतून घरी ठेवलं होतं. ती एकटीच नव्हती. कामाला जाणाऱ्या जवळजवळ सगळ्याच बायकांची दारं त्या दुपारी बंद होती. आमच्या कागदावर त्या वस्तीत ‘काम करणाऱ्या’ बायका फारशा नव्हत्याच. वेळ पुन्हा बदलून घ्यायला आम्हाला वर्ष लागलं. त्या मुलीचं वर्ष गेलं ते गेलंच.

आम्ही कुणी लबाडी केली नव्हती. फक्त आमचे पाय जिकडे वळले तिकडे गेलो. पाय सवयीच्या वाटेला जातात आणि आपल्याला वाटतं, आपण ‘कुठल्याही’ घरात गेलो.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. बरोबरच आहे, पण भात एका पातेल्यात, एका आचेवर, नीट ढवळून शिजलेला असतो म्हणून एक शीत दाबलं तरी चालतं. वस्ती तशी शिजलेली नसते. रस्त्यालगतची घरं पक्की, वर टेकडीकडे पत्र्याची. नळाजवळच्या गल्लीत जुनी माणसं, मागे नव्याने आलेले भाडेकरू. वरवरचं शीत घेतलं तर वरचाच भात कळणार.

मग सगळ्याच घरांत का जाऊ नये? लहान गावात जाता येतं. हॅरॉल्ड मान नावाचे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी पिंपळे सौदागर हे गाव सबंध तपासलं. त्यावरचं पुस्तक १९१७ साली आलं. आज ते गाव पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत हरवलंय. पण सगळं शहर असं तपासायचं तर माणसं कुठून आणायची? धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे १९३६-३७ साली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती नमुन्याची घरं निवडून. आपल्या देशातल्या शहरांच्या अशा पहिल्या-पहिल्या पाहण्यांतली ती एक. तिचा आर्थिक भाग १९४५ला आणि समाजशास्त्रीय भाग १९५२ला छापून आला. १९५४ साली सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी शहर पुन्हा तपासलं. म्हणजे नमुन्याची पाहणी ही काही परदेशातून कालपरवा आलेली गोष्ट नाही. आपल्याच पेठांतून लोक वह्या घेऊन हिंडले आहेत.

त्याच १९३६ साली अमेरिकेत एक मोठी फजिती झाली. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रं पोस्टाने पाठवली. तेवीस-चोवीस लाख परत आली. एवढा ढीग! त्यावरून त्यांनी सांगितलं की लँडन निवडून येणार. आले रूझवेल्ट, तेही प्रचंड मतांनी. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारगाड्या असणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि तो काळ मंदीचा. शिवाय पत्र परत पाठवायची ज्यांना हौस, त्यांचीच मतं आली. कार्यकर्त्या मला नेहमी विचारतात, ताई, किती फॉर्म भरू, पाचशे की हजार? निवड वाकडी असेल तर हजारही वाकडेच.

आता सरळ निवड कशी करायची. पुस्तकात याला यादृच्छिक निवड म्हणतात. शब्द घाबरवणारा आहे, पण तुमच्यातल्या प्रत्येकीने ती केलेली आहे. भिशी! डब्यात बारा चिठ्ठ्या, डबा हलवायचा, लहान पोराने डोळे मिटून एक काढायची. कुणाची निघावी हे भिशी चालवणारीच्या हातात नसतं, म्हणून तर भांडण होत नाही. एकदा निघालेली चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही. आणि प्रत्येकीची चिठ्ठी डब्यात आहे ना, हे सगळ्याजणी आधी बघून घेतात.

घरांच्या बाबतीत हे शेवटचं सर्वांत अवघड. प्रत्येक घराची चिठ्ठी डब्यात पडली पाहिजे, म्हणजे आधी पुरी यादी हवी. मतदारयादी चालणार नाही, रेशनकार्डांची यादी तर नाहीच. नवी आलेली भाडेकरीण दोन्हींत नसते. आपण स्वतः गल्लीगल्लीतून फिरून खडूने नंबर घालायचे. आणि नंबर दाराला घालायचा नाही, चुलीला घालायचा. सरकारी पाहणीतही कुटुंब म्हणजे एकत्र राहून एका चुलीवर जेवणारी माणसं असंच धरतात. जुन्या वाड्यात एका दिंडीदरवाजाआड आठ बिऱ्हाडं असतात. वस्तीत पोटमाळ्यावर वेगळं बिऱ्हाड असतं, त्याचा जिना मागून असतो. आणि नवऱ्याने टाकलेली बहीण भावाच्या घराच्या पडवीत स्टोव्ह पेटवून आपलं नि पोरांचं करते. भाऊ सांगणार, ‘आमचं एकच घर.’ तिथे तुम्ही विचारायचं, स्वयंपाक किती ठिकाणी होतो? तिचा स्टोव्ह वेगळा असेल तर तिचा नंबर वेगळा. कितीतरी परित्यक्ता भावाच्या नावाखाली अशा बुडून जातात.

समजा यादीत ६०० चुली आल्या आणि आपल्याला ५० घरं हवीत. सहाशेला पन्नासने भागलं, बारा आले. डब्यात एक ते बारा चिठ्ठ्या टाका. सात निघाली, तर सातवं घर, मग एकोणिसावं, मग एकतिसावं, असं दर बारावं घर शेवटपर्यंत. सोपं आहे. एकच खोच आहे. चाळीत एका ओळीत बाराच खोल्या असतील आणि चिठ्ठी बाराची निघाली, तर दर वेळी ओळीतली शेवटची, संडासाला लागून असलेली खोलीच येईल. अशा ठिकाणी सगळे नंबर डब्यात टाकून पन्नास चिठ्ठ्या काढाव्यात. वेळ जातो, जाऊ दे.

तुम्ही म्हणाल, अनुभवी बाईला नजरेने कळत नाही का? याचं उत्तर शेतीतून मिळतं. आपल्याकडे पिकाची आणेवारी नजरेच्या अंदाजावर लावत, आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं. पांडुरंग सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी पीक मोजायला शेत आणि शेतातली जागासुद्धा यदृच्छेने ठरवायची पद्धत लावून धरली. कापणीला उभा राहिलेला माणूस नकळत चांगल्या कणसांकडे सरकतो. आपणही तसंच, बोलक्या बाईकडे सरकतो.

आता कुलूप. आपल्या यादीत एकोणिसाव्या घराला कुलूप असेल तर विसाव्यात जायचं नाही. बोली नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी १९१२ साली रेडिंग गावात कामगारांची वीसातलं एक घर घेऊन पाहणी केली, तेव्हाच हा नियम केला होता: खूण केलेल्या घरीच जायचं, बदली घर चालणार नाही. आपण पुन्हा जायचं. सकाळी साडेसहाला, रात्री आठनंतर, रविवारी. तीन खेपांनंतरही भेट नाही झाली तर वहीत ‘कुलूप’ लिहायचं. नकार दिला तर ‘नकार’. शेवटी अहवालात सांगायचं की पन्नासांतली इतकी घरं आम्हाला भेटली नाहीत. यात कमीपणा नाही. माझ्या मते तर अहवाल वाचताना आधी तीच ओळ शोधावी. ती नसली तर मी पुढचं सावधपणेच वाचते.

घर निघालं म्हणजे बाई निघाली असं नाही. दार सासू उघडते, उत्तर मुलगा देतो. घरात तीन मोठ्या बायका असतील तर वयाने क्रम लावून तिथेही चिठ्ठीच. लेस्ली किश यांनी १९४९ साली यासाठी तक्ता केला, त्याचं तत्त्व एवढंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ पासून मारहाणीचे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात. कारण सासूला आणि सुनेला दोघींना तेच विचारलं तर काय विचारलं ते घरभर होतं आणि रात्री मार कुणाला बसतो? आपल्या फॉर्मवरही शेवटी दोन प्रश्न तसे आहेत. ते एकांत असेल तरच विचारायचे. नवरा आत आला तर कागद उलटायचा आणि पाण्याच्या नळाबद्दल बोलायला लागायचं. एकांत नाही मिळाला तर ते प्रश्न कोरे ठेवा. आपल्या आकड्यापेक्षा ती बाई महत्त्वाची.

‘माझंच घर का?’ हे हमखास विचारतील. ‘तिचं घेतलं, माझं का नाही?’ हे त्याहून जास्त. वस्तीत वही घेऊन कुणी आलं की घर मिळणार किंवा घर पडणार, यांतलं एक लोकांच्या मनात येतंच. स्पष्ट सांगा की चिठ्ठीत नंबर निघाला, यातून कुणाला काही मिळणार नाही आणि कुणाचं काही जाणार नाही. आणि हे खरं ठेवा. जिथे खरोखर हक्क द्यायचा आहे, म्हणजे ओळखपत्र, पुनर्वसनाची यादी, तिथे नमुना चालत नाही, तिथे एकूण एक नाव लागतं. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची संघटना पुण्यात १९९३ साली उभी राहिली. त्यांना ओळखपत्रं द्यायची तर दर बारावीला देऊन भागलं असतं का?

शिवाय जिला घरच नाही ती आपल्या डब्यात पडणारच नाही. फुटपाथवरची, मालकांकडेच राहणारी मोलकरीण, बुधवार पेठेतल्या खोल्यांमधली. त्यांच्यासाठी वेगळी पाहणी करावी लागेल. आपली पाहणी त्यांच्याबद्दल बोलते असं कुठेही लिहू नका.

एवढी यातायात कशाला, असं वाटलं असेल. २०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, अशीच यदृच्छेने निवडलेली सुमारे १ लाख ३८ हजार घरं घेऊन. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७, असं त्यात आलं. हे आपण चाळीस वर्षं घसा फोडून सांगत होतो, तेव्हा ‘तुम्ही तुमच्या संघटनेतल्या बायकांनाच विचारलंत’ म्हणून उडवून लावत. आता ते म्हणता येत नाही. आमच्या पाण्याच्या निवेदनाला मात्र ते कुणी म्हटलं असतं तर शंभर टक्के खरं ठरलं असतं.

बरं, जेवणं थंड होतायत. उद्या सकाळी सातला वरच्या गल्लीपासून नंबर घालायला सुरुवात करू, दोघीदोघींच्या जोड्या. खडू पांढरा नको, पत्र्यावर दिसत नाही, गेरू घ्या. पोटमाळ्याचे जिने मागून बघायला विसरू नका. चिठ्ठ्यांचा डबा मी आणते. चिठ्ठी काढायला वस्तीतलंच एखादं पोर घेऊ, सगळ्यांच्या समोर.